आयोवातलं लहान कॉलेज आणि कुस्ती: मुलाला पाठवावं का?

सीडर_रॅपिड्सची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही अकरा वर्षं आयोवात, सीडर रॅपिड्सला आहोत. धाकटा यंदा बारावीला आहे, १३८ पौंडात खेळतो. गेल्या हंगामात स्टेटला, म्हणजे राज्य स्पर्धेला, जायची संधी एका कुस्तीने हुकली. आयोवा सिटी किंवा एम्सच्या सरकारी विद्यापीठांच्या मोठ्या संघात आपली जागा नाही, हे त्याला स्वतःलाच माहीत आहे. पण तीन लहान कॉलेजांचे कोच दर आठवड्याला फोन करताहेत. तिन्ही एकाच कॉन्फरन्समधली, म्हणजे आपसात स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांच्या एकाच गटातली; नाव अमेरिकन रिव्हर्स. एक कोच तर शाळेच्या सरावाला येऊन भिंतीशी उभे राहून दोन तास बघून गेले.

तिघांचंही बोलणं एकसारखं आहे. कुस्तीसाठी शिष्यवृत्ती नाही, पण 'चांगलं पॅकेज' होईल. संघात पस्तीस-चाळीस मुलं. यजमानांचं म्हणणं, कुस्तीचे पैसे मिळणार नसतील तर खासगी कॉलेजची फी का भरायची, सरळ सरकारी विद्यापीठात इंजिनीअरिंग करू दे. मला दुसरीच धास्ती आहे. माउंट प्लेझंटचं आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये बंद पडलं. १८४२ पासूनचं कॉलेज, आणि शेवटची सूचना आली तेव्हा तिथल्या मुलांच्या हातात जेमतेम दोन महिने होते.

सासरे कोल्हापूरला असतात. तरुणपणी गंगावेस तालमीत होते. दर रविवारी फोनवर कॉलेजचं नाव विचारत नाहीत, 'वस्ताद कोण?' एवढंच विचारतात. मला त्याचंही उत्तर देता येत नाही. या लहान कॉलेजांतल्या कुस्तीची खरी परिस्थिती काय आहे? चार वर्षं टिकेल का? कुणाचा अनुभव असेल तर मोकळेपणाने लिहा.

कराड_ते_डब्यूक

ताई, माझा मुलगा २०१९ ते २०२३ याच कॉन्फरन्समधल्या एका कॉलेजात खेळला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं तक्रारीचंही येणार आहे आणि तिथली माणसं अजून आमच्या घरी जेवायला येतात.

लहान कॉलेज म्हणजे कच्ची कुस्ती, हा समज आधी काढून टाका. या कॉन्फरन्समध्ये नऊ कॉलेजं, आठ आयोवातली आणि एक नेब्रास्कातलं लिंकनचं. त्यातलं वॉर्टबर्ग हे वेव्हर्ली नावाच्या दहा हजार वस्तीच्या गावात आहे. १९९५ ते २०१९ या पंचवीस वर्षांत डिव्हिजन तीनचं, म्हणजे लहान कॉलेजांच्या विभागाचं, राष्ट्रीय विजेतेपद एकतर वॉर्टबर्गने नेलं नाहीतर मिनीआपोलिसच्या ऑग्सबर्गने. तिसऱ्या कुणाला शिवूही दिलं नाही. वेव्हर्लीहून अर्ध्या तासावर वॉटरलू, म्हणजे डॅन गेबलचं गाव. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण घेतलं तो गेबल. आणि तुमच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर माउंट व्हर्ननचं कॉर्नेल कॉलेज आहे ना, त्याने १९४७ साली बड्या विद्यापीठांना मागे टाकून एनसीएएचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचं, विजेतेपद जिंकलं होतं. आपल्याकडे पंचगंगेच्या काठी कुस्ती जशी मातीत मुरलीय, तशी ती इथे मक्याच्या शेतांत मुरलीय. तुमच्या मुलाला कॉन्फरन्सच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत राष्ट्रीय पातळीचा पैलवान समोर येऊ शकतो. माझ्या मुलाला आला होता, आणि पहिल्या मिनिटात दुहेरी पट काढून, म्हणजे दोन्ही पाय धरून, त्याने पोराला उताणा केला.

आता पैशाचं. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, तो नियम आहे. कोच पॅकेज म्हणतात ते कॉलेजची गुणांवरची आणि गरजेवरची सूट. फलकावरची, म्हणजे जाहीर फीची, रक्कम बघून दचकू नका. खासगी कॉलेजांत निम्म्याहून जास्त सूट ही आता नेहमीची गोष्ट आहे. आमचं बिल फलकावरच्या रकमेच्या निम्म्याहून खाली आलं होतं, तरी सरकारी विद्यापीठापेक्षा वर्षाला तीनेक हजार डॉलर जास्तच पडले.

एवढ्या सवलतीनंतरही कॉलेजला कुस्ती का हवी असते, ते समजून घ्या. धरा, एक मुलगा वर्षाला वीस हजार डॉलर भरतो. पस्तीस मुलं म्हणजे सात लाख. कोचचा पगार, मॅट, बस, कुस्तीचे पोशाख सगळं त्यातून वजा करूनही कॉलेजच्या हातात बरंच उरतं. लहान गावातल्या कॉलेजला मुलगे मिळणं अवघड झालंय, २००८ नंतर जन्मच कमी झाले, त्यामुळे अठरा वर्षांची पोरंच आता कमी होत जाणार. म्हणून कुस्ती बंद होईल ही भीती इथे तितकी नाही. उलट संघ वाढताहेत. मोठ्या विद्यापीठांच्या बाजूनेही लोंढा येतोय. खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर तिच्यात सामील झालेल्या डिव्हिजन एकच्या संघांना कुस्तीत तीसच मुलं ठेवता येतात, मग तिथली जादाची मुलं खाली सरकतात.

माझी काळजी निराळी आहे. संघात अडतीस मुलं आणि वजनगट दहा. मग उरलेल्या अठ्ठावीस जणांचं काय होतं? कोचना हाच प्रश्न विचारा. आणि त्यांच्या उत्तराच्या आधी स्वतः एक काम करा. प्रत्येक कॉलेजच्या क्रीडा संकेतस्थळावर जुन्या वर्षांच्या संघाच्या याद्या असतात. चार वर्षांपूर्वीची यादी उघडा, त्यात पहिल्या वर्षाची किती मुलं होती ती मोजा. मग यंदाची उघडा आणि त्यातली किती शेवटच्या वर्षाला उरली ते बघा. माझ्या मुलाबरोबर सोळा जण आले होते. चौथ्या वर्षी पाच उरले. ही मोजणी मी आधी केली असती, तर पहिल्या भेटीतच वेगळे प्रश्न विचारले असते.

गळती का होते तेही सांगतो. पहिल्या वर्षी ऑक्टोबरपासून पहाटे साडेपाचला वजनं उचलायची, दुपारी दोन तास मॅट, मध्ये केमिस्ट्रीची लॅब. नोव्हेंबरपासून दर शनिवारी स्पर्धा. संघात जागा नसलेल्या मुलांना खुल्या स्पर्धांत नेतात, तिथे त्यांना दोन कुस्त्या मिळतात आणि दिवसभर बाकावर बसावं लागतं. पालक येत नाहीत, मित्र दुसऱ्या संघाबरोबर गेलेले असतात. डिसेंबरच्या सुट्टीत पोरं घरी येतात आणि जानेवारीत मॅटवर परत जातच नाहीत.

आमच्या कॉलेजात कुस्तीची खोली जिमच्या तळघरात आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जिन्यातच फिनाइलसारखा वास आला. आत हीटर तापवून ठेवलेला, भिंतींना कमरेच्या वरपर्यंत गाद्या, आणि पहिल्या वर्षाची चार पोरं बादल्या घेऊन मॅट पुसत होती. गजकर्ण होऊ नये म्हणून सरावाआधी रोज पुसतात. मला माझे चुलते आठवले. कराडच्या तालमीत नव्या पोरांनी फावड्याने हौदा उकरायचा, ताक, तेल, हळद घालून माती मळायची, मगच वस्ताद जोड लावून देणार. मुलगा मान वर न करता मॅट पुसत होता, आणि मला तिथेच वाटलं की हा टिकेल.

टिकला, पण सोपं गेलं नाही. पहिल्याच वर्षी, १२ मार्च २०२०. राष्ट्रीय स्पर्धा तुमच्याच सीडर रॅपिड्सला होती, दुसऱ्या दिवसापासून. आमच्या कॉलेजचे दोन सीनियर पात्र ठरले होते. मुलगा नुसता सरावाला जोड म्हणून बरोबर गेला होता, मी गाडी घेऊन गेलो होतो. दुपारी हॉटेलच्या लॉबीत कोचना फोन आला, स्पर्धा रद्द. एक सीनियर हातात वजनकाट्याचा कागद धरून उभाच राहिला. त्याने आठवडाभर मोजून मापून खाल्लेलं. त्याच्या आईने पिशवीतून सँडविच काढून त्याच्या हातात दिलं, आणि तो जमिनीवर बसून रडत रडत खायला लागला. पुढच्या वर्षीही डिव्हिजन तीनची राष्ट्रीय स्पर्धा झाली नाही. त्या दोन वर्षांत कितीतरी पोरांनी कुस्ती सोडली.

तक्रार आता. दुसऱ्या वर्षी कॉलेजने पैसे वाचवायला सहायक कोचची जागा काढून टाकली. मुख्य कोचवर प्रवेशाचं कामही टाकलं, वर्षाला इतकी मुलं आणायचीच असा आकडा ठरवून. तो माणूस चांगला होता, पण दिवसभर फोनवर. सहायक कोच माझ्या मुलाच्या वजनाचे होते, रोज त्याच्याशी लढायचे, एकेरी पट, म्हणजे एक पाय धरायचा डाव, कसा संपवायचा ते हात धरून शिकवायचे. ते गेल्यावर पोराला वर्षभर बरोबरीची जोड मिळाली नाही. दहा किलो हलक्या मुलाशी खेळत राहिला. त्या वर्षी त्याचा खेळ पुढे गेला नाही, मागेच आला. म्हणून भेटीला जाल तेव्हा पूर्णवेळ सहायक आहे का, त्याला पगार आहे की नुसती राहायची सोय, आणि तो कोणत्या वजनाचा आहे, हे विचाराच.

वजनाबद्दल आईच्या मनात असतंच म्हणून लिहितो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वजन उतरवताना इथे तीन कॉलेज पैलवान गेले, त्यातला एक आपल्या शेजारच्या विस्कॉन्सिनच्या डिव्हिजन तीनच्या कॉलेजातला. त्यानंतर नियम पार बदलले. हंगामाच्या सुरुवातीला लघवीची तपासणी करून शरीरात पाणी पुरेसं आहे ना ते बघतात, मग चरबी मोजून कमीत कमी वजन ठरवतात, पाच टक्क्यांच्या खाली चरबी जाऊ देत नाहीत आणि आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवता येत नाही. रबरी सूट, सॉना सगळं बंद. तरी पोरं रात्रीचं जेवण टाळतातच. कॉलेजात १३८ चा गट नाही, तेव्हा तुमचा मुलगा १३३ ला उतरणार की १४१ ला वाढणार, हे कोचच्या तोंडून आत्ताच काढून घ्या. १४१ म्हणाले तर मला बरं वाटेल.

कॉलेज टिकेल का, तर त्यासाठी कॉलेजांना मान्यता देणाऱ्या हायर लर्निंग कमिशनच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचं पान बघा, मान्यतेबाबत काही ताकीद असेल तर तिथे दिसते. ना-नफा कॉलेजांचे करविवरणाचे फॉर्म ९९० सगळ्यांना खुले असतात. शिक्षण खात्याकडे दर वर्षी प्रत्येक खेळात किती मुलं आणि किती खर्च याचीही माहिती जाते, तीही ऑनलाइन सापडते. यजमानांना त्या आकड्यांवर बसवा. फोनवरचं बोलणं गोड असतं.

इतकं सगळं होऊनही, पुन्हा निवडायची वेळ आली तर मी पोराला तिथेच पाठवीन. चौथ्या वर्षी उरलेले ते पाच जण आज एकमेकांच्या लग्नाला जातात.

मावशी_दे_मॉइन

कराडकरांचं जवळपास सगळं पटलं, एक सोडून. सोळातले अकरा गेले म्हणजे ते वाया गेले असं नाही. माझ्या भाचीने दुसऱ्या वर्षी कुस्ती सोडली, कॉलेज सोडलं नाही. नर्सिंग पूर्ण केलं. खरं बघायचं ते हे की कुस्ती सोडलेल्या मुलांपैकी किती जण त्याच कॉलेजातून पदवीधर झाले. ती संख्या कोचला ठाऊक असते, आणि सोडून गेलेल्यांबद्दल तो कसा बोलतो त्यावरून माणूस कळतो.

आणखी एक. आयोवात २०२२-२३ पासून शाळांत मुलींच्या कुस्तीला अधिकृत मान्यता मिळाली, आयोवा विद्यापीठाने मुलींचा संघ काढला, आणि जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएने मुलींच्या कुस्तीलाही राष्ट्रीय स्पर्धेचा दर्जा दिला. बऱ्याच लहान कॉलेजांनी त्याआधीच मुलींचे संघ उभे केले होते. मला त्याचा फार आनंद आहे. पण भाचीच्या कॉलेजात खोली एकच होती, मॅट दोन, आणि मुली आल्या तरी कोच वाढले नाहीत. मुलींची शैली ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल, मुलांची अमेरिकन कॉलेजांतली फोकस्टाइल, ज्यात खाली दाबून धरलेल्या वेळेचाही गुण मिळतो. एकाच माणसाने दोन्ही शिकवायचं म्हणजे दोघांचंही अर्धवट राहतं. ताई, तुमच्या तिन्ही कॉलेजांत सरावाची वेळ कशी वाटली आहे ते विचारा.

जिमखाना_सांगली

मी सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे. वाचून हेवाही वाटला आणि काही ओळखीचंही वाटलं. आमच्याकडे पोरगं तालमीत घडतं, कॉलेजात फक्त नाव असतं. विभागीय स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मी तालमीत जाऊन वस्तादांना विनंती करतो, 'एवढी चार पोरं द्या.' कॉलेज ट्रॅकसूट देतं, एसटीचं भाडं आणि भत्ता देतं. पदक आलं की फोटो आमचा, मेहनत तालमीची. कॉलेजच्या तळघरात रोज अडतीस पोरं एकत्र घाम गाळतात, हे मी माझ्या नोकरीत बघितलेलं नाही.

पण कॉलेजने पैलवानाला उभं केल्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे, आणि ते मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो. १९५२ साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न बरोबर आहे, ताई. त्याला जोडून आणखी एक विचारा: रोज जोड कोण? वस्ताद कितीही मोठा असला तरी रोजची जोड बरोबरीची नसेल तर पैलवान वाढत नाही. कराडकरांच्या मुलाचं नेमकं तेच झालं.

सीडर_रॅपिड्सची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण तिन्ही ठिकाणी जाऊन आलो.

याद्या मोजल्या. यजमान रात्री बारापर्यंत वही घेऊन बसले होते. पहिल्या कॉलेजात चार वर्षांपूर्वीच्या अठरांतले तीन उरलेत. दुसऱ्यात बारांतले सहा. तिसऱ्यात पंधरांतले पाच, पण तिथे कोचने न विचारता सांगितलं की सोडून गेलेल्यांपैकी सात जण अजून तिथेच शिकताहेत, आणि त्यातला एक तेव्हा खोलीत टायमर धरून बसलेला होता. मावशी, तुमची आठवण झाली.

पहिल्या कॉलेजात सहायक कोच अर्धवेळ, उरलेला वेळ वसतिगृहाचं काम बघतो. तिथे मुलाला १३३ ला उतरायला सांगितलं. आम्ही गाडीत बसल्यावर मुलगाच म्हणाला, 'आई, इथे नको.' दुसऱ्या दोन्ही ठिकाणी १४१ म्हणाले.

दुसऱ्या कॉलेजात मुलगा एक रात्र संघातल्या मुलांबरोबर राहिला. सकाळी त्याला घ्यायला गेले तर डोळ्याखाली खरचटलेलं, आणि चेहरा असा खुललेला की मी काही बोललेच नाही. त्यांनी त्याला मॅट पुसायला लावली होती.

फीचं पत्र अजून दोन्हीकडून यायचंय, त्यामुळे यजमानांनी होकार दिलेला नाही. एम्सचा अर्जही तसाच ठेवलाय. पण काल रविवार होता. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, वस्ताद कोण? मी म्हटलं, दोन आहेत, आणि धाकटा वस्ताद याच्याच वजनाचा आहे, स्वतः मॅटवर उतरतो. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, 'फोन पोराकडं दे.' पोराने फोन स्पीकरवर टाकला आणि सोफ्यावरच्या उशीला एकेरी पट कसा धरतो ते त्यांना व्हिडिओवर दाखवायला लागला. ते तिकडून ओरडत होते, 'डोकं आत घाल, डोकं आत!'